‘समाजसेवा’ या समासाचा विग्रह

‘समाजसेवा’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचा विग्रह करून पाहण्याची निकड सहसा कोणाला भासत नाही. समाजाची सेवा ती समाजसेवा, षष्ठी तत्पुरुष, विषय संपला. वस्तुतः विषय तेथेच सुरू होतो. मराठीतला ‘समाज’ हा शब्द एकाच वेळी दोन भिन्न वस्तूंकडे बोट दाखवतो. ‘समाजाचे ऋण’ म्हणताना ओळखीपाळखीच्या पलीकडे पसरलेला, नावगाव नसलेला जनसमुदाय अभिप्रेत असतो. ‘आमच्या समाजात असे चालत नाही’ म्हणताना मात्र रोटीबेटीच्या कुंपणाआतली, पिढ्यांची ओळख असलेली मंडळी. इंग्रजीने सोसायटी आणि कम्युनिटी असे दोन शब्द राखले. मराठीने दोन्ही ओझी एकाच शब्दाच्या खांद्यावर टाकली. हे भाषेचे दारिद्र्य समजण्याचे कारण नाही. सेवा ज्याची करायची तो ‘आपला’ की ‘परका’ हा प्रश्न इंग्रजीत शब्द निवडतानाच मिटून जातो. मराठीत तो प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

हा प्रश्न सर्वात टोकदार होतो तो स्वतःभोवती जाणीवपूर्वक कुंपण घालून राहणाऱ्या धर्मसमूहांच्या बाबतीत. अशा समूहांविषयी दोन सोयीस्कर मते प्रचलित आहेत. एक असे की बंदिस्त समूह स्वभावतःच आत्मकेंद्री असतो आणि त्याची सेवा कुंपणापाशी थांबते. दुसरे असे की अमुक समूहाने एवढी रुग्णालये बांधली, एवढ्या शाळा काढल्या, तेव्हा त्याच्या बंदिस्तपणाविषयी बोलणे कृतघ्नपणाचे ठरेल. पहिल्या मताला तथ्यांचा आधार नाही. दुसऱ्याला तर्काचा नाही. दोन्ही मतांनी गृहीत धरले आहे की कुंपण आणि सेवा या परस्परविरोधी प्रेरणा आहेत. एक वाढली की दुसरी घटते. हे गृहीतक तपासण्यासाठी मुंबईच्या पारशी समाजाइतके उपयुक्त उदाहरण दुसरे नाही. धर्मांतराने कोणालाही आत न घेणारा, अग्यारीच्या दारात परक्याला थांबवणारा, डोंगरवाडीवरच्या दोखम्यात केवळ स्वकीयांच्या देहाला जागा देणारा हा समूह. आणि त्याच समूहाच्या दानाखेरीज मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिता येत नाही.

सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांच्या दानधर्मात या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. १८४५ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयासाठी त्यांनी दिलेले एक लाख रुपये सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी होते. त्याच वर्षी माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता खुला झाला. त्याचा सुमारे दीड लाखाचा खर्च त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी उचलला होता. त्या खाडीत नावा बुडत आणि माणसे मरत. कंपनी सरकार मात्र खर्चाला तयार नव्हते. रस्त्याने जाणाऱ्याला तो कोणत्या देवाला भजतो हे विचारता येत नाही. या अर्थाने रस्ता हे दानाचे सर्वात निःपक्षपाती रूप म्हणावे लागेल. आणि याच जमशेटजींनी १८४९ मध्ये जी पारशी बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशन स्थापन केली, ती मुंबई, सुरत, नवसारी येथल्या गरीब पारशांसाठी. एकाच हाताने दिलेली ही दोन दाने आहेत आणि देणाऱ्याला त्यात काही विसंगती वाटली असावी असे दिसत नाही. (हे द्रव्य बऱ्याच अंशी चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आले होते, हेही विसरता येत नाही. ज्या परक्याच्या व्यसनावर दान उभे राहिले तो परका दानाच्या हिशेबात कोठेच नव्हता. मात्र हा दोष एकट्या पारशांच्या माथी मारण्यासारखा नाही. कंपनी सरकारपासून माळव्याच्या सावकारांपर्यंत त्यात अनेक वाटेकरी होते.)

या दोन दानांत फरक आहे तो प्रमाणाचा नव्हे, प्रकाराचा. रुग्णालय किंवा रस्ता परक्याला दिला की देणाऱ्याचे त्याच्याशी नाते तेथेच पूर्ण होते. परका त्या रस्त्याने जातो, दुवा देतो किंवा देत नाही. तो परत येऊन देणाऱ्याच्या घरात काही मागू शकत नाही. मार्सेल मोस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की देणगी कधीच निव्वळ देणगी नसते. देणे, घेणे आणि परत देणे अशा तीन बंधनांचे ते वर्तुळ असते आणि ज्याला परतफेड करता येत नाही तो खालच्या पायरीवर जातो. मोसचे हे सूत्र बंदिस्त समूहाला लावून पाहिले तर एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. परक्याला देत राहणे आणि परक्याकडून काहीही न घेणे हा कुंपण अभंग ठेवण्याचाच एक मार्ग आहे. ज्याच्याकडून काही घेतले जात नाही, त्याच्याशी सोयरीकही करावी लागत नाही. पारशी भिकारी कधी दिसत नाही हे मुंबईत कौतुकाने सांगितले जाते आणि ते कौतुक अस्थानी नाही. पण त्या वाक्यात औदार्याइतकाच स्वाभिमान आहे आणि स्वाभिमानाइतकीच सीमारेषा. तेव्हा कुंपण आणि परोपकार यांत विरोध नसून परोपकार हे कुंपणाला असलेले एकदिशा दार आहे, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

आतल्या दानाचा प्रकार वेगळा. तेथे घेणाऱ्याला हक्क असतो, आणि हक्क आला की हक्कदार कोण हे ठरवावे लागते. रस्त्याला व्याख्या लागत नाही, विश्वस्तनिधीला लागते. ही व्याख्या करण्याची वेळ न्यायालयावर आली ती रतनजी दादाभाई टाटा यांच्या विवाहातून. सुझान ब्रिएर ही त्यांची फ्रेंच पत्नी. मुंबईत तिची नवजोत झाली, पारशी रीतीने लग्न लागले. ती जरथुष्ट्री झाली, पण पारशी झाली काय? अग्यारी, दोखमा आणि पंचायतीचे निधी यांवर तिचा हक्क पोचतो काय? पेटिट विरुद्ध जीजीभाई या नावाने गाजलेल्या खटल्याचा निकाल नोव्हेंबर १९०८ मध्ये न्यायमूर्ती दिनशा दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांनी दिला. (याच दावरांनी त्याच वर्षीच्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली होती, मराठी वाचकाला दावर ठाऊक असतात ते तेवढ्यापुरतेच.) दावर यांनी धर्माच्या दृष्टीने धर्मांतराला मज्जाव नाही हे मान्य केले, पण हिंदुस्थानातील पारशांची रूढी तशी नाही, आणि निधी स्थापन करणाऱ्यांच्या मनात धर्मांतरित परके नव्हते, असा निर्वाळा दिला. पारशी म्हणजे इराणातून आलेल्या मूळ निर्वासितांचे वंशज, इराणातून येणारे जरथुष्ट्री, आणि पारशी बापाची, परक्या आईच्या पोटी जन्मलेली पण रीतसर धर्मात घेतलेली अपत्ये, अशी व्याख्या त्यातून रूढ झाली.

हा निकाल वंशाचा आणि धर्माचा म्हणून वाचला जातो. तो सेवेचा निकाल म्हणूनही वाचायला हवा. वाद श्रद्धेवर नव्हता, मालमत्तेच्या लाभावर होता. कोणी काय मानावे हे न्यायालय सांगत नव्हते. समूहाच्या दयेचा वारस कोण हे सांगत होते. उदार हेतूने ठेवलेला पैसाच शेवटी ‘आपला’ कोण याची काटेकोर मोजणी करायला भाग पाडतो, ही गोष्ट नीतिमीमांसेत क्वचितच विचारात घेतली जाते. दान नसते तर व्याख्येची एवढी निकड भासली नसती. शिवाय ही व्याख्या बापाकडून जाते, आईकडून नाही. परजातीत लग्न केलेल्या पुरुषाची मुले आत आणि तसेच लग्न केलेल्या स्त्रीची मुले बाहेर, हा भेद त्या वाक्यरचनेतच रुजला. वलसाडच्या अंजुमनने डिसेंबर २०१७ मध्ये हिंदू पुरुषाशी विवाह केलेल्या एका पारशी स्त्रीला आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ देण्याची तयारी सर्वोच्च न्यायालयापुढे दाखवली, त्याआधी २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात तिच्या विरुद्ध निकाल गेला होता. कन्येने आईबापांचे अखेरचे दर्शन घ्यावे यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्या समूहाचे रस्ते सर्वांना खुले आहेत, त्याच समूहात.

येथे एका आक्षेपाला सामोरे जाणे आवश्यक आहे आणि तो आक्षेप दुबळा नाही. बंदिस्तपणावर टीका करणारा उदारमतवादी बहुधा असे काही बोलतो की जणू कुंपण काढले तर आतली माया बाहेर पसरेल. तसे होतेच असे नाही. मुंबई पारशी पंचायतीच्या ताब्यात हजारो सदनिका आहेत. वाडिया कुटुंबाच्या निधीतून उभ्या राहिलेल्या खुसरो बाग, रुस्तम बाग, नवरोज बाग यांसारख्या वसाहतींत मध्यम आणि गरीब पारशी कुटुंबे बाजारभावाच्या तुलनेत नाममात्र भाड्याने राहत आली. ज्या शहरात लाखो माणसे पदपथावर आयुष्य काढतात, तेथे एका समूहाने आपल्या दुर्बळांच्या डोक्यावर छप्पर राहील याची काळजी घेतली. ही काळजी अमूर्त मानवतेने घेतली नाही. परस्परांची नावे, आजार, कर्जे ठाऊक असलेल्या माणसांनी घेतली. सर्वांवर सारखे प्रेम करण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या संस्थांच्या हातून किती वृद्ध सांभाळले गेले याचा हिशेब मांडला तर तो फार अभिमानास्पद निघेल असे नाही. आपलेपणाला कडा असतात. कडा नसलेले आपलेपण पुष्कळदा केवळ भाषणात राहते.

हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते, आणि ती या चर्चेतली सर्वात अवघड गोष्ट आहे. १९०८ चा खटला लढवणारे कोण होते? पेटिट आणि टाटा. पंचायतीशी मतभेद झाल्याने त्यांचे छप्पर जाणार नव्हते, मुलांची शिष्यवृत्ती बंद पडणार नव्हती. बागेतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या विधवेच्या मुलीने परधर्मीय तरुणाशी विवाह करायचे ठरवले तर तिच्यापुढचा प्रश्न निराळा असतो. समूहाची सेवा ज्याला सर्वाधिक लागते, त्यालाच समूहाशी मतभेद करणे सर्वात महाग पडते. श्रीमंताचा विरोध न्यायालयाच्या दफ्तरात नोंदला जातो. गरिबाचा विरोध नोंदलाच जात नाही, कारण तो मनातून ओठांवर येत नाही. अशा वेळी समूहात दिसणारे एकमत हे श्रद्धेचे आहे की भाड्याच्या पावतीचे, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि कदाचित आतूनही. सेवेमागे वाईट हेतू होता असे यात सुचवायचे नाही. हेतू निर्मळ असतानाही सेवेने लगामाचे काम करावे, हेच तर त्यातले दुःख आहे. आणि हे पारशांपुरते मुळीच नाही: महाराष्ट्रातील ज्ञातीनिहाय वसतिगृहे, ज्ञातीच्या शिष्यवृत्त्या, ज्ञातीच्या पतपेढ्या यांनी किती जणांना शिकवले आणि किती जणांना गप्प बसवले, याचा अभ्यास अद्याप व्हायचा आहे.

एकदिशा दाराचा आणखी एक पैलू मलबारी प्रकरणात उघड होतो. बेहरामजी मलबारी (१८५३–१९१२) यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि त्यातून सुरू झालेली चळवळ १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोचली. हा पारशी गृहस्थ हिंदूंच्या घरात का डोकावतो, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. टिळकांचा विरोध केवळ मलबारींच्या पारशीपणाला नव्हता. सुधारणा आतून व्हावी, परक्या सरकारने ती कायद्याने लादू नये, ही त्यांची भूमिका होती. पण परकेपणाचा मुद्दा त्या वादात सतत घोंगावत राहिला हे खरे. जमशेटजींच्या रस्त्याला कोणी परका म्हटले नाही. मलबारींच्या मताला म्हटले. पैसा परक्याचा चालतो, विवेक चालत नाही. बंदिस्त समूह जसा बाहेरच्याला प्रश्न विचारू देत नाही, तसाच बाहेरचा बहुसंख्य समाजही बंदिस्त समूहाकडून फक्त दातृत्वाची अपेक्षा ठेवतो, न्यायबुद्धीची नाही. त्या अर्थाने हिंदू समाजही तेव्हा एक बंदिस्त समूहच होता. फक्त त्याचे कुंपण एवढे विस्तीर्ण होते की आत राहणाऱ्याला ते क्षितिज वाटे.

मलबारींच्या टीकाकारांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. पारशांनी १८६५ मध्ये स्वतःसाठी स्वतंत्र विवाहकायदा आणि वारसाकायदा मिळवला तो स्वतःच मसुदे करून, स्वतःच भांडून. त्यांच्या वैवाहिक तंट्यांचा निवाडा करताना स्वकीय प्रतिनिधींनी बसावे अशी तजवीजही त्यात होती. आपल्या घरचा कायदा आपण करणार, हा हक्क ज्यांनी एवढ्या दक्षतेने राखला, त्यांच्यातल्या एकाने शेजाऱ्याच्या घरचा कायदा मागावा यातली विसंगती टीकाकारांना दिसली नसती तरच नवल. मलबारी या विसंगतीतून सुटले ते वादाने नव्हे, कामाने. १९०८ मध्ये, म्हणजे दावर यांच्या निकालाच्याच वर्षी, त्यांनी दयाराम गिडुमल यांच्यासह मुंबईत सेवासदन स्थापन केले. पाठोपाठ १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यातले सेवासदन उभे राहिले. एका पारशाने आणि एका सिंधी हिंदूने सुरू केलेले नाव पुण्याच्या स्त्रियांनी आपलेसे केले. तेथे कोण देणारा आणि कोण घेणारा हे काही वर्षांत कोणालाही सांगता आले नसते. ‘सेवा’ या शब्दाला आधुनिक मराठीत जो अर्थ आला, त्याच्या घडणीत या दोन संस्थांचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षी त्याच शहरात एका बाजूला ‘आपला’ या शब्दाची व्याख्या आवळली जात होती आणि दुसऱ्या बाजूला ती सैल होत होती. इतिहासाला असले योग जमवायला विशेष कष्ट पडत नाहीत.

मराठी साहित्याने पारशी माणसाकडे पाहिले ते प्रामुख्याने बाहेरून. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तले पेस्तनकाका वाचकाला लळा लावतात, पण त्या लळ्याला आगगाडीच्या डब्यातल्या सहवासाची मर्यादा आहे, प्रवास संपला की ओळखही आदरपूर्वक संपते. कुंपणाच्या आतून लिहिलेले चित्र हवे असेल तर रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’ (१९९१) या इंग्रजी कादंबरीकडे वळावे लागते. १९७१ च्या मुंबईतली खोदादाद बिल्डिंग ही तिची वस्ती. तिच्याभोवती एक काळी भिंत आहे आणि येणारे-जाणारे त्या भिंतीशी लघवी करतात. दुर्गंधी आणि डासांनी त्रासलेला गुस्ताद नोबल पदपथावरच्या एका चित्रकाराला तिच्यावर सर्व धर्मांच्या देवदेवतांची आणि संतांची चित्रे काढायला लावतो. युक्ती सफल होते. लोक लघवी करायचे थांबतात, हार घालू लागतात; भिंतीचे देवस्थान होते.

समीक्षकांनी या भिंतीत सर्वधर्मसमभावाचे प्रतीक पाहिले आहे, ते अगदीच चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गुस्तादला समभाव नको होता, स्वच्छता हवी होती. परक्यांचे देव त्याने भिंतीच्या बाहेरच्या अंगावर काढून घेतले. आतल्या अंगाला काही बदल नाही. परक्याला पूजास्थान मिळाले, बिल्डिंगला आडोसा मिळाला, आणि दोघांमध्ये भिंत कायम राहिली. किंबहुना आता ती पवित्र झाल्यामुळे अधिकच पक्की झाली. स्वार्थातून निपजलेली सेवा खोटी म्हणावी काय? हार घालणाऱ्या बाईच्या भक्तीला गुस्तादच्या हेतूशी काही कर्तव्य नाही. हेतूवरून सेवेचा कस लावू पाहणारी नीती येथे निरुपाय होते.

मिस्त्री यांची खरी ताकद मात्र भिंतीत नाही, तेहमुलमध्ये आहे. मतिमंद, लंगडा, अडखळत घाईने बोलणारा तेहमुल याच बिल्डिंगमध्ये राहतो. दावरांच्या व्याख्येत तो चपखल बसतो. जन्माने, रक्ताने, धर्माने तो ‘आपला’ आहे. आणि तरी तो सर्वांच्या चेष्टेचा, तिटकाऱ्याचा, फार तर कीव करण्याचा विषय आहे. सभासदत्व निधीवर हक्क देते, मायेवर नाही, हे कोणत्याही निबंधापेक्षा तेहमुलच्या फरफटत्या चालीने अधिक स्पष्ट होते. कुंपण परक्याला बाहेर ठेवते हे सर्वांनाच दिसते; कुंपणाच्या आत असूनही बाहेरच राहिलेला माणूस दिसायला कादंबरीकार लागतो.

आज या एकदिशा दाराची दिशाही बदलली आहे. १९४१ च्या जनगणनेत एक लाख पंधरा हजारांच्या आसपास असलेली पारशांची संख्या २०११ मध्ये ५७,२६४ वर आली, आणि २०१३ मध्ये केंद्र सरकारने ‘जियो पारसी’ ही योजना सुरू केली. सार्वजनिक निधीतून, म्हणजे त्या सर्व परक्यांच्या करातून, पारशी दांपत्यांच्या अपत्यप्राप्तीसाठी साहाय्य मिळू लागले. ज्याने दोन शतके दिले त्याने आता घ्यावे, यात अनुचित काही नाही. पण मोसचे वर्तुळ येथे पूर्ण होते आणि त्याबरोबर एक जुना प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. जो करदाता या समूहाची पुढची पिढी जन्माला यावी म्हणून वाटा उचलतो, त्याच्या मुलाशी त्या पिढीतल्या मुलीने लग्न केले तर तिच्या वाट्याला काय येईल, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे काय? मलबारींना जे उत्तर मिळाले तेच त्यालाही मिळेल असे म्हणून भागणार नाही, कारण तेव्हा मलबारी केवळ मत देत होते.

कादंबरीच्या अखेरीस रस्ता रुंद करण्यासाठी महापालिकेची माणसे भिंत पाडायला येतात. मोर्चा, बाचाबाची, दगडफेक. भिरभिरत आलेली एक वीट तेहमुलच्या डोक्यात बसते आणि तो मरतो. गुस्ताद त्याला उचलून जिन्याने वर नेतो, त्याच्याच खोलीत त्याला निजवतो, आणि डोक्यावर टोपी घालून एकटाच प्रार्थना म्हणतो. त्या प्रार्थनांत ‘यथा अहू वैर्यो’ आहे, जरथुष्ट्री परंपरेतला सर्वात पवित्र मंत्र. त्याच्या शेवटच्या चरणात दरिद्री जनांच्या पालकाचा उल्लेख येतो. दरिद्री कोणत्या कुळाचे, ते मंत्रात सांगितलेले नाही. गुस्ताद प्रार्थना करीत असतो तेव्हा विटेखाली मेलेला माणूस त्याच्याच समाजाचा असतो, आणि खाली रस्त्यावर चित्रकार आपले सामान उचलून चालू लागतो.